फुटबॉलच्या पैशापायी टेनिसच्या पोरींना चार हजार किलोमीटर कशाला हिंडवायचं?

हिल्सबोरोचा_बीव्हर
ऑफिसात हा विषय काढला की युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगनवाले डक लोक गालातल्या गालात हसतात, म्हणून इथे लिहितोय (डक हे त्यांच्या टीमचं टोपणनाव, बीव्हर आमच्या). मी ओरेगन स्टेटचा, एमएस कॉर्व्हॅलिसला केलं, तेव्हापासून बीव्हर. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, अमेरिकेत कॉलेजं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात, गटाचे टीव्ही हक्क एकत्र विकायचे आणि पैसे वाटून घ्यायचे. आमची पॅक-१२, मूळ १९१५ सालची. बिग टेन, बिग १२, एसीसी, एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्स. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए बिग टेनला जातो म्हणाली, जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बिग १२ ला गेलं, आणि मग ४ ऑगस्टच्या त्या शुक्रवारी एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ ला. महिना उलटायच्या आत स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) चक्क पूर्वेकडच्या एसीसीत. बारातले दहा गेले, उरलो आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. त्याच वर्षी आमचं रेसर स्टेडियम सोळा कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून नवं केलं होतं, म्हणजे बघा टायमिंग. सीझन संपता संपता कोच मिशिगन स्टेटला गेला आणि पाठोपाठ चांगले प्लेअर पण.

पण माझं भांडण फुटबॉलशी नाहीये. फुटबॉल टीमचं चार्टर विमान असतं, आठवड्याला एक मॅच, जाऊ देत की कुठे जायचं ते. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, सॉकर यांनी काय घोडं मारलंय? लॉस एंजेलिसच्या पोरींनी रटगर्सशी खेळायला न्यू जर्सीला का जायचं, तीन तासांचा वेळेचा फरक, आठवड्यातून दोन-दोन मॅचेस. माझं म्हणणं एवढंच की फुटबॉल वेगळा काढा, त्याची काय सुपर लीग करायची ती करा, आणि बाकीचे खेळ परत आपापल्या भागात आणा. नोत्र दामचा फुटबॉल स्वतंत्र आहे आणि बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत, यूकॉन (कनेटिकट विद्यापीठ) २०२० पासून बिग ईस्टमध्ये आहे आणि फुटबॉल एकटाच खेळतं. त्यांना जमतं तर बाकीच्यांना का नाही?

ट्रोजन_ठाणेकर
आले, पॅक-१२ चे रडगाणे आले. बीव्हरभाऊ, तुमचं दुःख कळतं पण तुमची कॉन्फरन्स आम्ही यूएससीवाल्यांनी नाही बुडवली, तुमच्याच नेत्यांनी बुडवली. २०१२ मध्ये स्वतःचं टीव्ही नेटवर्क काढलं, कुणाला पार्टनर घेतलं नाही, डायरेक्टीव्ही या सॅटेलाइट टीव्हीवर ते शेवटपर्यंत आलं नाही, म्हणजे अर्ध्या गावाला आपल्याच टीमच्या मॅचेस दिसत नव्हत्या. कमिशनर लॅरी स्कॉट वर्षाला पन्नास लाख डॉलरच्या आसपास घेत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीला निघाले म्हणून बिग १२ ची बाकीची मंडळी सैरभैर झाली होती, तेव्हा त्यांच्यातले चारपाच उचलता आले असते, पॅक-१२ म्हणाली आम्हाला नको. दोन वर्षांत बिग १२ ने तुमचीच चार नेली. आम्ही नेमकं काय चुकीचं केलं? बुडतं जहाज दिसलं, उतरलो.

हिल्सबोरोचा_बीव्हर
@ट्रोजन_ठाणेकर जहाजाला भोक कुणी पाडलं ते पण सांगा. त्याच ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ ने मिळून ‘अलायन्स’ जाहीर केली होती, कागदावर सही नाही काही नाही, म्हणे एकमेकांवर विश्वास आहे. दहा महिन्यांत बिग टेनने लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं उचलली. एलएचं मार्केट गेल्यावर टीव्हीवाले कशाला पैसे देतील?

ट्रोजन_ठाणेकर
देत होते की! ईएसपीएन कॉलेजमागे तीन कोटींच्या आसपास द्यायला तयार होतं अशा बातम्या होत्या, तुमच्या विद्यापीठांच्या प्रेसिडेंट लोकांनी पाच कोटी मागितले. तोवर बिग १२ ने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुपचूप ३ कोटी १७ लाखांवर सही करून टाकली. शेवटी तुमच्या हातात उरलं ॲपलचं डील, तेही किती लोक सबस्क्राइब करतात त्यावर पैसे. स्ट्रीमिंगवर कोण जाणार होतं राव?

पुण्याहून_प्रेक्षक
एक बेसिक प्रश्न, हसू नका. कॉलेजच्या पोरांच्या खेळात एवढा पैसा आला कुठून? आमच्याकडे इंटरकॉलेजला मॅच असली की बघायला टीमचे मित्र आणि चहावाला.

डॅलसचा_दादा
हसत नाही. पूर्वी टीव्हीवर कुठली मॅच दाखवायची आणि किती हे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना, ठरवायची, म्हणजे सगळ्यांच्या हक्कांचं एकच दुकान. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी केस केली, १९८४ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने निकाल दिला की ही मक्तेदारी आहे. झालं, ज्याचे हक्क त्याने विकावेत. मग एकेकट्याने विकण्यापेक्षा कॉन्फरन्सने विकलं तर भाव जास्त येतो, आणि कॉन्फरन्समध्ये जितकी मोठी नावं तितका अजून जास्त. बिग टेनचं २०२२ चं डील फॉक्स, सीबीएस, एनबीसी मिळून सात वर्षांचे सात अब्ज डॉलरच्या वर आहे. आज बिग टेनमध्ये १८ कॉलेजं आहेत, नावावर जाऊ नका.

आता बीव्हरभाऊंना उत्तर. प्रत्येक वेळी परंपरा मोडतेच असं नाही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ नंतर एकमेकांशी खेळलेच नव्हते, कारण ए अँड एम एसईसीला गेलं आणि दोघांचा इगो. टेक्सास एसईसीत आल्यावर ३० नोव्हेंबर २०२४ ला कॉलेज स्टेशनला ती मॅच परत झाली, टेक्सास १७-७ जिंकलं. माझ्या घरात दोन्ही पार्ट्या आहेत, बायको ॲगी, म्हणजे ए अँड एमवाली, त्यामुळे थँक्सगिव्हिंगचं उरलेलं जेवण दोन दिवस गप्पच गिळलं आम्ही. हे कॉलेजांनी कॉन्फरन्स बदलल्यामुळेच झालं ना?

कावळा_कॅलिफोर्नियाचा
एक परत आली आणि दुसरी गेली त्याचं काय? ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटची ‘बेडलॅम’ नावाची फुटबॉल मॅच, एकाच राज्यातले दोघं, नोव्हेंबर २०२३ ला शेवटची झाली. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ जिंकलं आणि विषय बंद.

मी कॅलवाला, आमची गंमत अजून वेगळी. एसीसीत घेतलं पण पूर्ण वाटा नाही, सुरुवातीची वर्षं साधारण तीस टक्के. आमच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयू कॉलेजने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसा नको म्हणून सही केली, त्यांच्याकडे गडगंज माजी विद्यार्थी आहेत, आमच्याकडे नोबेलवाले. आणि यूसीएलए आम्हाला सोडून गेलं म्हणून वर्षाला एक कोटी डॉलर आम्हाला देतं, दोन्ही विद्यापीठांच्या वरच्या बोर्डाने, रीजंट्सनी, ठरवलंय, लोक त्याला पोटगी म्हणतात. एकाच सरकारी सिस्टिमची दोन विद्यापीठं आणि पोटगी! तरी बीव्हरभाऊंच्या आयडियाला माझा अर्धाच पाठिंबा, कारण कागदावर सोपं आहे पण टीव्हीचं डील फक्त फुटबॉलचं नसतं, एसीसी नेटवर्क या त्यांच्या टीव्ही चॅनेलला रोज रात्री काहीतरी दाखवायला लागतं.

सॅन_होजेची_मावशी
खेळातलं फार कळत नाही पण माझी भाची पश्चिमेकडच्या एका कॉलेजात टेनिस खेळते, नाव सांगत नाही. मागच्या स्प्रिंगला पूर्वेकडे गेली होती, गुरुवारी निघाली ती सोमवारी पहाटे परत. मधे मिडटर्म. ती हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत दिली, समोर टीमबरोबर आलेली ट्यूटर घड्याळ लावून बसलेली, शेजारी वॉफलच्या मशीनची टिर्र टिर्र चालू. मला फोनवर सांगत होती आणि हसत होती पण ताईला काही हसू आलं नाही. मॅच बघायला स्टँडमध्ये मोजून वीसेक माणसं असतील. याच्यातून टीव्हीला काय मिळतं ते कुणी सांगेल का?

ओमाहाची_आत्या
मावशी, टेनिसचं मान्य, पूर्ण मान्य. पण सगळे खेळ एका पोत्यात भरू नका. मी नेब्रास्कात राहते. ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये बायकांची व्हॉलीबॉल मॅच झाली, नेब्रास्का विरुद्ध ओमाहा, ९२,००३ लोक. मी होते तिथे. कोर्ट एवढंसं दिसत होतं, अर्धा वेळ मोठ्या स्क्रीनवरच बघितलं, पण शेजारचे शेतकरी आजोबा नातीला रोटेशन समजावत होते आणि मॅच संपल्यावर दीड तास पार्किंगमधून बाहेर पडता आलं नाही.

सांगायचं काय, तर नेब्रास्का २०११ ला बिग १२ सोडून बिग टेनला गेलं तेव्हा इथे पण हीच रडारड होती. फुटबॉलचं आमचं वाटोळंच झालं, मान्य करते. पण व्हॉलीबॉलला पेन स्टेट आणि विस्कॉन्सिन मिळाले, बिग टेन नेटवर्कवर मॅचेस लागायला लागल्या. आता तुम्ही म्हणता आपापल्या भागात खेळा, म्हणजे आमच्या पोरींनी परत कुणाशी, कॅन्ससशी? नको बाई.

हिल्सबोरोचा_बीव्हर
@ओमाहाची_आत्या तुमचं नेब्रास्का अपवाद आहे हो, व्हॉलीबॉलमध्ये नफा करणारी कॉलेजं किती? आणि मी हवेत बोलत नाहीये, आमच्याकडे हा प्रयोग झालाय. पॅक-१२ मोडल्यावर आमचा फुटबॉल २०२४ ला माउंटन वेस्टच्या टीम्सशी करार करून खेळला आणि बाकीचे बरेच खेळ आम्ही वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये टाकले, पोर्टलंड, गोन्झागा, सांता क्लारा, सगळं जवळ. आमच्या बायकांच्या बास्केटबॉल टीमने मार्च २०२५ ला पहिल्याच वर्षी ती कॉन्फरन्स टुर्नामेंट जिंकली. म्हणजे जमतं.

ट्रोजन_ठाणेकर
भाऊ अर्धीच स्टोरी सांगताय. त्याच टीमने २०२४ ला देशाच्या टुर्नामेंटची एलिट एट, म्हणजे शेवटची आठ, गाठली होती. त्यानंतर काय झालं? रेगन बीअर्स ओक्लाहोमाला, टिमिया गार्डिनर यूसीएलएला आणि टालिया फॉन ओलहॉफन आमच्याकडे यूएससीला (थँक्यू बरं का). तुम्ही प्रवास कमी केलात आणि पोरी तरी गेल्या, कारण त्यांना पण मोठ्या स्टेजवर खेळायचंय. दमछाक होते म्हणून कुणी बिग टेन सोडून वेस्ट कोस्टला येतंय का? उलटं एक उदाहरण द्या.

सॅन_होजेची_मावशी
सगळ्या स्टार असतात का हो? माझी भाची सहाव्या नंबरवर खेळते. तिला कोण नेणार कुठे.

डॅलसचा_दादा
मावशींचा मुद्दा बरोबर आहे आणि पुढे अजून वाईट होणार आहे, मी अकाउंट्सवाला माणूस म्हणून बघतो. जून २०२५ ला ‘हाउस’ नावाच्या खेळाडूंच्या केसची सेटलमेंट कोर्टाने मंजूर केली, १ जुलैपासून कॉलेज स्वतः प्लेअर्सना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पोरांना पैसे मिळायलाच हवे होते, त्यावर वाद नाही, इतकी वर्षं फुकट राबवलं. पण त्यातला मोठा हिस्सा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. बाकीच्यांचं काय होतं ते बघायचं तर वॉशिंग्टन स्टेट बघा, २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ॲथलेटिक्समधल्या उड्या, फेक बंद केल्या, स्प्रिंट, हर्डल्स कमी केले, भर फक्त लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवला. भाचीच्या विमानाचं तिकीट हा चर्चेचा विषय आहे तोवर बरं म्हणायचं, उद्या टीमच राहील का हा प्रश्न आहे.

आणि बीव्हरभाऊ, फुटबॉल वेगळा काढायचा तर देशभराचे हक्क एकत्र विकावे लागतील, त्याला कायदा आडवा येतो. १९६१ चा स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट एनएफएलसारख्या प्रोफेशनल लीगना एकत्र विकायची सूट देतो, कॉलेजांना देत नाही. टेक्सास टेकच्या बोर्डावरच्या कोडी कॅम्पबेलने २०२५ ला तो कायदा बदला म्हणून टीव्हीवर जाहिराती केल्या. एसईसी आणि बिग टेन विरोधात, साहजिक आहे, मोठी पोळी त्यांच्याकडे आहे, ते कशाला वाटतील.

कावळा_कॅलिफोर्नियाचा
२०३० च्या आसपास सगळं परत उसवणार बघा. बिग टेनचं डील तेव्हा संपतं, बिग १२ चं त्याच्या पुढच्या वर्षी. एसीसीचं म्हणे २०३६ पर्यंत पक्कं, पण फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनने केस करून मार्च २०२५ ला सेटलमेंट घेतलीच, बाहेर पडायची फी दरवर्षी उतरत २०३०-३१ ला साडेसात कोटींवर येते. म्हणजे सगळ्यांनी बॅगा भरून ठेवल्यात. त्या दिवशी एसीसीतले पाचसहा वर गेले तर आम्ही पूर्व किनाऱ्यावर कुणाशी खेळणार, वेक फॉरेस्टशी?

पुण्याहून_प्रेक्षक
मग आता पॅक-१२ आहे की नाही? गूगल केलं तर लोगो दिसतोय.

हिल्सबोरोचा_बीव्हर
आहे! बाकीचे दहा निघाल्यावर आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट कोर्टात गेलो आणि बोर्डाचा ताबा मिळवला, नाव आणि शिल्लक पैसा आमच्याकडे. मग बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि गोन्झागा घेतले, नव्या पॅक-१२ ची तारीख १ जुलै २०२६.

ट्रोजन_ठाणेकर
टेक्सास स्टेट. पॅक-१२ मध्ये. आणि धागा काय, तर प्रवास कमी करा 😂

हिल्सबोरोचा_बीव्हर
फुटबॉलला आठ लागतात नियमाने, आठवं पश्चिमेत कुणी उरलं नव्हतं ठाणेकर, ते का नव्हतं ते वर लिहिलंय.

ओमाहाची_आत्या
बरं, गोन्झागाला तर फुटबॉल टीमच नाही, त्यांना तुम्ही बास्केटबॉलसाठी घेतलंत. म्हणजे फुटबॉल वेगळा काढा म्हणणाऱ्यांना बास्केटबॉलचा पण पैसा हवाच आहे. मग बास्केटबॉल पण बाहेर काढा. पुरुषांचा काढला की बायकांचा का नाही म्हणून टायटल नाइनवाले (कॉलेजात स्त्री-पुरुष समानतेचा कायदा) वकील येतील, तोही काढा. व्हॉलीबॉल आमचा मी देणार नाही. उरलं काय?

आणि बेसबॉलचं तुम्ही बोलतच नाही. २०२५ ला तुमच्या ओरेगन स्टेटला बेसबॉलला कॉन्फरन्सच नव्हती, सगळा सीझन एकट्याने जिथे मॅच मिळेल तिथे फिरले आणि जूनमध्ये आमच्या ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या शेवटच्या फेरीला, पोचले. केशरी टोप्या घालून तुमची माणसं आमच्या गल्लीतल्या पिझ्झावाल्याकडे रांगेत होती. भाग नाही, शेजार नाही, तरी आले की.

हिल्सबोरोचा_बीव्हर
आत्या, बेसबॉलला आम्ही २००६, २००७, २०१८ ला चॅम्पियन होतो, ते नाव आधीच्या शंभर वर्षांत कमावलेलं आहे, त्यावर एक सीझन निघाला. मावशींच्या भाचीच्या टेनिस टीमला सांगा एकट्याने फिरा म्हणून, बघू किती जण मॅच देतात.

सॅन_होजेची_मावशी
तिला विचारलं आत्ताच मेसेज करून. म्हणते विमानाचं चालेल, फक्त सोमवारी सकाळी आठची लॅब नको.