अनुभव धागा: आरसी (रिमोट कंट्रोल) गाडीचा टॉप स्पीड नेमका किती कामाला येतो?

खोक्यावर ‘७०+ किमी/तास’ असं ठळक छापलेलं असतं आणि गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी तेच वाचतो. ऑफिसातल्या दोघांनी मला अलीकडे ‘कुठली घेऊ?’ म्हणून विचारलं. दोघांचाही पुढचा प्रश्न एकच, ‘किती पळते?’ मी विचारलं, पळवणार कुठे? एकाने सोसायटीचं पार्किंग सांगितलं. ते असेल चाळीसेक मीटर. ६० च्या स्पीडने चाळीस मीटर संपायला अडीच सेकंदसुद्धा लागत नाहीत. तेवढ्यात वेगही घ्यायचा, ब्रेकही मारायचा आणि चेअरमनसाहेबांची नवी गाडीही चुकवायची.

म्हणजे माझं मत कळलंच तुम्हाला. पण इथे मतांपेक्षा अनुभव हवेत. ट्रॅक, माती, दगड, डांबर, नायट्रो (इंधनाच्या इंजिनवाली), इलेक्ट्रिक, जुनी तामिया (जपानी कंपनीची), काहीही चालेल. गाडी कुठली, चालवता कुठे आणि टॉप स्पीडचा प्रत्यक्षात उपयोग किती झाला, ते लिहा. जत्रेतली रिमोटची खेळणी सोडून देऊ. सुटे भाग मिळतात, मोटर बदलता येते, अशा गाड्यांबद्दल बोलू.

पिनियन

इंग्लंडात एका क्लबात दर आठवड्याला इनडोअर रेस करतो. शाळेच्या हॉलमध्ये कार्पेट अंथरून ट्रॅक लावतात. १/१० टुरिंग कार (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची), १७.५ टर्नची, म्हणजे तेवढ्या वेढ्यांची ब्रशलेस मोटर, २एस लायपो (दोन सेलची लिथियम बॅटरी), आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ‘ब्लिंकी’ मोडमध्ये. म्हणजे ईएससीने मोटरला टायमिंगची जादा मदत द्यायची नाही. थोडक्यात, सगळ्यांच्या हातात साधारण सारखीच ताकद.

आता हिशेब बघा. सरळ पट्टा २५ मीटरचा. ४० च्या वेगाने तो सव्वादोन सेकंदांत संपतो, ४४ च्या वेगाने दोन सेकंदांच्या जरा वर. म्हणजे टॉप स्पीड दहा टक्के वाढवला तर लॅपमागे फार तर दोन दशांश सेकंद वाचतात, तेही पूर्ण पट्टाभर टॉप स्पीडलाच होतो असं उदार मनाने धरलं तर. लॅप १५ सेकंदांचा, रेस पाच मिनिटांची, म्हणजे वीस लॅप. एकूण कमाई चार सेकंद. आणि गाडी एकदा उलटली, मार्शलने धावत येऊन सरळ केली, की सात-आठ सेकंद गेले. वीस लॅपमध्ये कमावलेलं एका कोलांटीत दुप्पट गमावलं.

आमच्याकडे जिंकणाऱ्या गाड्या सरळ पट्ट्यावर सगळ्यात वेगवान नसतात. त्या वळणातून लवकर सुटतात. मोठा पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक, लावला की शेवटचा वेग वाढतो पण वळणातून बाहेर पडतानाचा जोर जातो आणि मोटर तापते. नवीन मुलं हटकून पिनियन वाढवतात. जुने लोक टायर, स्प्रिंग आणि डिफमधलं (डिफरन्शियल, वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) तेल यांच्याशी खेळत बसतात.

सह्यकातळ

माझ्याकडे क्रॉलर, म्हणजे दगडांवरून सावकाश चढणारी गाडी आहे, ट्रॅक्ससची टीआरएक्स-४. भोरच्या बाजूला ओढ्यांच्या कातळावर चालवते. टॉप स्पीड विचाराल तर लो गिअरमध्ये माझ्याही चालण्यापेक्षा कमी. आणि तरीही दोन तास कुठे जातात कळत नाही.

क्रॉलिंगमध्ये वेग मोजायचा तो खालून. गाडी किती हळू, पण न अडखळता, सरकू शकते? ट्रिगर केसभर दाबला तर चाक केसभरच फिरलं पाहिजे. त्यासाठी जास्त वेढ्यांच्या ब्रश्ड मोटरी लावतात, ३५ किंवा ५५ टर्नच्या. फेरे कमी, नियंत्रण बारीक. पुढच्या ॲक्सलवर पितळेची वजनं टाकते, म्हणजे चढावर तोंड उचललं जात नाही. डिफ लॉक रिमोटवरूनच लागतात. चढताना लॉक, वळताना मोकळे. हे जमायलाच मला बराच काळ लागला.

पावसाळ्यानंतर कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो, तेव्हा खरी परीक्षा. जोर लावला की घसरलात. बरोबर आलेला माझा भाऊ ‘अगं, दे ना जरा गॅस!’ म्हणून ओरडत असतो. तो बुलेटवाला आहे, त्याचं सोडा.

लांबपल्ला

वरचे दोन्ही अनुभव पटले, पण टॉप स्पीडची एवढी टिंगल नको. आम्ही काही जण फक्त त्यासाठीच गाड्या बांधतो. स्पीड रन म्हणतात त्याला. वळण नाही, उडी नाही. एक सरळ रस्ता, एक जीपीएस मॉड्यूल आणि एक आकडा.

आणि तो आकडा मिळवणं सोपं नाही. कागदावर सोपं आहे. ३५०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे) मोटर, २एसचे ७.४ व्होल्ट, म्हणजे मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे. गिअरिंग ९ ला १ असेल आणि टायरचा व्यास १०० मिमी, तर उत्तर येतं ताशी ५४ किमी. ३एस लावा, ८१. मग ४एस लावा, १०८, झालं? नाही होत. हवा आडवी येते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झगडायला आठपट ताकद लागते. बॅटरीचा व्होल्टेज लोडखाली बसतो. रबरी टायर फुगतात आणि फक्त मधल्या रेघेवर टेकतात, मग स्टिअरिंगच हरवतं. म्हणून फोमचे किंवा आत पट्टा असलेले टायर. बॉडीच्या नाकाखाली हवा शिरली तर गाडी पतंगासारखी उडते, म्हणून पुढची कड जवळजवळ जमिनीला लावायची. त्यात भर म्हणून, शंभर मीटरवर गेलेली गाडी तुम्हाला ठिपक्याएवढी दिसते. डावीकडे कलली की उजवीकडे, डोळ्याला कळत नाही, म्हणून गाडी आपोआप सरळ ठेवणारा जायरो.

ट्रॅक्ससची एक्सओ-१ ही १/७ स्केलची गाडी २०११ मध्ये आली, खोक्यातून काढून १०० मैल, म्हणजे १६० किमीच्या वर जाणारी. आणि निक केस या अमेरिकन माणसाने २०१४ मध्ये युटामध्ये ताशी ३२५.१२ किमीचा गिनीज विक्रम केला, स्वतः बांधलेल्या गाडीने. ती गाडी कुठल्याही ट्रॅकवर पहिल्या वळणात भिंतीत गेली असती, मान्य. पण १०० मीटर धावणाऱ्याला कुणी ‘तुला वळता येतं का’ म्हणून विचारत नाही.

वऱ्हाडी_बावा

नागपूरवाला हाय मी. आमच्याकडं मे महिन्यात हवाच ४५ डिग्री. तिकडं टॉप स्पीडचा आकडा मोटर नाही ठरवत, ऊन ठरवते. दोस्ताच्या गाडीत दुकानदारानं मोठा पिनियन लावून दिला होता, दोन चकरांत मोटर अशी तापली का हात लागेना. मी छोटा पिनियन लावतो आणि टेम्परेचर गन घेऊनच मैदानात जातो. ८० च्या जवळ आलं का थांबतो, सावलीत ठेवतो, चहा पितो. थंडीत मंग पायजे तेवढं पळवा न बे!

चिऊची_आई

मुलगी नऊ वर्षांची. तिच्यासाठी शॉर्ट कोर्स ट्रक घेतला, वजन साधारण अडीच किलो. मी फिजिक्स शिकवते, त्यामुळे गाडी घरी आल्यावर आधी वही काढली. ५० च्या वेगाने ही गाडी म्हणजे २४० ज्यूल. १४० च्या वेगाने आलेला १६० ग्रॅमचा लेदर बॉल म्हणजे १२० ज्यूल. म्हणजे बागेत ही गाडी कुणाच्या नडगीवर बसली तर वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या दुप्पट ऊर्जा. वेग निम्मा केला की ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते.

आमच्या गाडीच्या ईएससीला ट्रेनिंग मोड आहे, त्यात थ्रॉटल निम्माच मिळतो. तोच लावून ठेवलाय. चिऊला आठचा आकडा काढता येतो, तोही उलट बाजूने गाडी आपल्याकडे येत असताना, जेव्हा डावं-उजवं उलटं होतं. तिच्या मामाने येऊन मोड काढला आणि तिसऱ्या मिनिटाला पुढचा ए-आर्म (चाक धरणारा दांडा) मोडून दाखवला. मामा आता नुसता बाकावर बसतो.

जुनीतामिया

चिऊच्या आई, वही काढणाऱ्या पालकांना नमस्कार.

मी सांगतो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं, दादरचं. काका आखातात होते, त्यांनी तामियाची ग्रासहॉपर आणली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्राकडे हॉर्नेट. दोन्ही १९८४ च्या गाड्या, सांगाडा बराचसा सारखा. फरक मोटरचा. ग्रासहॉपरला छोटी ३८०, हॉर्नेटला ५४०. ईएससी वगैरे काही नव्हतं. सर्व्होने (छोट्या मोटरने) सरकणारा मेकॅनिकल स्पीड कंट्रोल आणि तापणारा रेझिस्टर. निकॅड बॅटरी, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ आणि मग कितीतरी तास चार्जिंग.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला फेऱ्या मारायच्या. हॉर्नेट सरळ भागात सुसाट निघायची आणि टाकीच्या कोपऱ्याला मागून फिरायची किंवा उलटायची. माझी आपली ट्रिगर न सोडता गुरगुरत वळायची. मित्राला फार राग यायचा. मग आम्ही गाड्या अदलाबदल करून खेळलो, तर हॉर्नेट घेऊन मी टाकीवर आपटलो आणि तो जिंकला.

तामियाची पहिली आरसी गाडी, १९७६ ची पोर्श ९३४, मी प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट त्यांनी पुढे पुन्हा बाजारात आणल्या, तेव्हा मी हॉर्नेट घेतली. कारण विचारू नका.

लांबपल्ला

काका, कारण मला माहीत आहे. :)

मिनीकॅमेरा

मी गाड्या चालवतो त्या व्हिडिओसाठी. जाहिरातीत ‘स्केल स्पीड’ म्हणतात, १/१० गाडी ३० ने गेली म्हणजे ‘३०० सारखी’. लांबीच्या हिशेबाने बरोबर, पण गुरुत्वाकर्षण काही दहापट होत नाही. म्हणून छोटी गाडी उडी मारून टणकन खाली येते आणि डोळा लगेच ओळखतो की हे खेळणं आहे.

१/१० साठी दहाचं वर्गमूळ, म्हणजे सव्वातीनच्या आसपास, तेवढ्या पटीने दृश्य संथ केलं की उडी खऱ्या गाडीसारखी जड दिसते. शंभर फ्रेम्सने घ्यायचं, तीसने दाखवायचं. त्यामुळे मला गाडी उलट सावकाशच हवी असते. फार वेगात गेली तर संथ करूनही खोटी वाटते, आणि फोकस सापडत नाही ते वेगळंच.

गोंयकार

समुद्रकिनाऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ओहोटीला ओली वाळू इतकी सपाट आणि लांब असते की टॉप स्पीड काढायला याहून चांगली जागा सापडत नाही. पण मीठ! बेअरिंग, स्क्रू, मोटर, सगळं खातं. घरी आल्यावर गाडी अक्षरशः पूर्ण उघडावी लागते. मी आता सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर जातो. जांभ्याची लाल धूळ धुतली की निघते. आणि मोरजीला गाडी नेऊ नका, तिथे कासवं अंडी घालायला येतात.

पिनियन

लांबपल्ला भाऊ, १०० मीटर धावण्याचा मुद्दा मान्य. फक्त एक जोडतो, आमच्यातही वेगाचं वेड असलेला वर्ग आहे. १/८ नायट्रो ऑनरोड गाड्या शंभरच्या बऱ्याच वर जातात. पण १/८ ऑफरोडच्या जागतिक स्पर्धेची फायनल एक तासाची असते आणि टाकी १२५ सीसीची. दर काही मिनिटांनी पिटमध्ये यायचं, मेकॅनिकने दोन-तीन सेकंदांत इंधन भरायचं. तिथे इंजिन किती पळतं यापेक्षा ते एका टाकीत किती वेळ चालतं आणि बंद पडत नाही ना, याची जास्त धास्ती.

सह्यकातळ

लांबपल्ला, एक विचारायचं होतं. भाऊ तुमची पोस्ट वाचून पेटलाय. आपल्याकडे असा सरळ रस्ता मिळतो कुठे? आमच्याकडे सरळ रस्ता म्हणजे दोन खड्ड्यांमधली जागा.

लांबपल्ला

ताई, गावाबाहेर एनए प्लॉटिंग पडतं ना, तिथे. प्लॉट विकले जायच्या आधी डांबरी रस्ते तयार असतात, घरं नसतात, रहदारी नसते. मालकाची किंवा वॉचमनची परवानगी घ्यायची, पहाटे उजाडल्यावर जायचं, दुपारी वारा सुटतो. आधी सगळा पट्टा पायी चालत झाडायचा. हरभऱ्याएवढा खडासुद्धा शंभरच्या वेगाला गाडी उडवायला पुरतो. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करायचा, कुत्रं किंवा दूधवाला दिसला की हात वर.

आणि भावाला सांगा, पट्ट्याची लांबी मोजताना वेग घ्यायला लागते तेवढीच जागा थांबायलाही धरायची. बॅटरी अर्धी झाली की मोठा प्रयत्न करायचा नाही. लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी उतरली की ईएससी ताकद तोडतो तो) भर वेगात बसला तर मोटरचा जोर एकदम जातो. आणि सुरुवात २एसवरच. घाई असेल तर त्याला म्हणावं बुलेट आहेच.