टाइम-आउट खिशातच राहिला
'58 सामने जिंकून देणाऱ्या कोचला एका मालिकेवरून झोडपू नका' हा मिलवॉकी बक्सचा (अमेरिकेच्या NBA या बास्केटबॉल लीगमधला संघ) तेव्हाचा कोच माइक बुडेनहोल्झरच्या बचावातला मुद्दा निम्माच पटला. 2023 मध्ये बक्स मायामीकडून प्लेऑफच्या (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत 4-1 ने हरले, त्यात बक्सचा मुख्य खेळाडू यानिसची पाठ दुखावली होती, दोन सामने तो खेळलाच नाही. तिथवर बुडेनहोल्झरचा दोष नाही. पण पाचवा सामना आठवा. मायामीच्या बटलरने बरोबरी साधली तेव्हा अर्धा सेकंद शिल्लक होता. टाइम-आउट (कोचने मागून घेतलेला छोटा थांबा) घेतला असता तर चेंडू थेट मैदानाच्या समोरच्या अर्ध्यात मिळाला असता, नियमच आहे तसा. घेतला नाही. ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) दोन गुणांनी मागे असताना पुन्हा तेच, शेवटी बक्सच्या ॲलनच्या हातून शॉट सुटायच्या आत बझर वाजला! त्यावर टीका व्हायलाच हवी.

मात्र या चर्चेत कुणीच न काढलेली एक गोष्ट: त्याच रात्री यानिसने 23 पैकी 13 फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट) घालवले, आणि संघ हरला 128-126 असा. आता ते कोचने येऊन टाकायचे होते का? हकालपट्टी मात्र एकट्या कोचची झाली, तीही 2021 ची NBA ट्रॉफी आणून दिल्यावर दोनच वर्षांत.