मदत हवी आहे: झीटा पपिस या ताऱ्यात हेलियमची ४६८६ अँगस्ट्रॉमची रेषा खाली जायच्या ऐवजी वर का येतेय?

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला ओ प्रकारच्या गरम ताऱ्यांचे स्पेक्ट्रम (तरंगलांबीनुसार प्रकाशाचा आलेख) घेतलेत, त्यात प्रकाश शोषला जातो तिथे रेषा खड्ड्यासारखी दिसते, हेलियमच्या रेषा मोजून ताऱ्याचा प्रकार काढायचाय. साध्या हेलियमची रेषा ४४७१ अँगस्ट्रॉमला, एक इलेक्ट्रॉन गेलेल्या हेलियमची ४५४१ ला, दोन्ही सारख्या खोल दिसल्या की ओ७ (आकडा लहान तेवढा तारा गरम), तारा अजून गरम असेल तर ४५४१ जास्त खोल. १० लॅसर्टीला मस्त जमलं, ओ९ आला, कॅटलॉगमध्येही तोच आहे.

घोळ झीटा पपिसला होतोय. ४४७१ अगदी पुसट, ४५४१ चांगली खोल, म्हणजे ओ४ च्या आसपास, इथपर्यंत ठीक, पण ४६८६ ला खड्ड्याच्या जागी चक्क उंचवटा! ती पण आयनित हेलियमचीच ना, मग एक रेषा खाली आणि दुसरी वर असं कसं? कंटिन्युअम (रेषा सोडून उरलेली प्रकाशाची सलग पातळी) तीनदा नव्याने फिट केला, पॉलिनॉमियलची ऑर्डर बदलून बघितली, उंचवटा हलत नाही. ४६३४-४६४० लाही काहीतरी वर आलंय. खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला १८९६ च्या सुमारास याच ताऱ्यात ४५४१ च्या मालिकेतल्या रेषा सापडल्या, हायड्रोजनच्या समजल्या गेल्या आणि १९१३ मध्ये बोरने त्या हेलियमच्या आहेत म्हणून सांगितलं, हे वाचल्यापासून हा तारा मला यादीतून काढायचा नाहीये. प्लीज सांगा कुठे चुकतंय.

उत्तर १: फिट बरोबर आहे तुझा. ४५४१ ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळ तयार होते म्हणून शोषणात दिसते. झीटा पपिस सुपरजायंट (फुगलेला महाकाय तारा), त्याचा वारा, म्हणजे ताऱ्यातून बाहेर वाहणारा वायू, दाट, सेकंदाला दोन हजार किमीच्या वर वेग, आणि ४६८६ त्या वाऱ्यातूनच उजळते. ४६३४-४६४० म्हणजे दोनदा आयनित नायट्रोजन. दोन्ही वर असतील तर प्रकाराला 'एफ' जोडतात. १० लॅसर्टी मुख्य श्रेणीतला (सुपरजायंट न झालेला), वारा विरळ, म्हणून तिथे हे दिसलं नाही. एच-अल्फा (हायड्रोजनची लाल रेषा) बघून घे, तिथेही वाऱ्याची खूण मिळेल, फक्त ६५६० ला आयनित हेलियमची रेषा तिला अगदी चिकटून आहे हे लक्षात ठेव.

धागाकर्ता: बघितलं, एच-अल्फा पण वर आहे!! खूप आभार दादा, आठवडा गेला होता यात. आता ४४७१ चं काय करू, तारा सेकंदाला दोनशे किमीच्या वर वेगाने फिरतोय त्यामुळे रेषा इतकी पसरलीये की कडा कुठे धरायच्या तेच कळत नाहीये, कोणी मोजलीये का?