कोकणात जमीन बघतोय: खाडीकाठ, सडा की घाटाचा पायथा?

वाळवा_रान
आम्ही इस्लामपूरकडची माणसं. ऊस, सोयाबीन आणि काळ्या रानाची सवय. चुलतभाऊ मिळून रत्नागिरी जिल्ह्यात पाच एकर घ्यायचा विचार आहे. तीन जागा दाखवल्यात: गुहागर बाजूला खाडीला लागून, राजापूरकडे सड्यावर आणि संगमेश्वर तालुक्यात घाटाच्या पायथ्याला. दलाल तिन्हींना 'आंब्याची जमीन' म्हणतो. हे पट्टे एकमेकांपासून वेगळे कसे? कुठे काय पिकतं आणि पैसा कशावर येतो?

जांभा_कातळ
तिन्ही जागा आंब्याच्या नाहीत. शाळेत कोकणाचे उत्तर-दक्षिण भाग शिकवतात, पण जमीन घेणाऱ्याने समुद्राकडून घाटाकडे बघत जावं. समुद्राजवळची सखल बाजू ती खलाटी, सह्याद्रीकडची चढती बाजू ती वलाटी. या ४०-५० किलोमीटरांत माती आणि पाणी तीन-चार वेळा पालटतं.

अगदी किनाऱ्याला पुळणीची वाळू. इथे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि मासेमारी. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणून बंदरावरच्या गावाचा हिशेब दहा महिन्यांचा धरायचा.

मग खाड्यांच्या कडेची खाजणं. तुमची पहिली जागा बहुधा हीच. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध आणि त्यात उघाडी, म्हणजे झडपेचं दार असतं. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. खेकड्यांनी बांध पोखरला किंवा झडप कुजली की बांधाला खांड (भगदाड) पडते, आणि एकदा खारं पाणी शिरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. पीक एकच, पावसाळी भात, तेही पनवेल-१, पनवेल-३ अशा क्षार सोसणाऱ्या जातींचं. उन्हाळ्यात मीठ वर येऊन जमीन पांढरी पडते. आंबा इथे मरतो. शिवाय कांदळवनापासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. ३,००० मिमीच्या घरात पाऊस पडतो, पण जांभा सच्छिद्र, त्यामुळे पाणी खाली निसटतं आणि मार्च-एप्रिलला विहिरी तळाला जातात. तुमच्या काळ्या रानाचा सामू (pH) आठच्या आसपास, इथे साधारण ५.५ ते ६.५. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतात, पिकाला मिळू देत नाहीत, आणि एकदम टाकलेला युरिया पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो. खत हप्त्यांनीच द्यायचं. हापूस सड्याच्या उतारावर, कडेकडेने उत्तम येतो, कारण निचरा असतो. मधल्या उघड्या कातळावर सुरुंग लावून खड्डे घ्यावे लागतात आणि माती बाहेरून आणावी लागते. तो खर्च दलाल कधीच सांगत नाही. पहार घेऊन जा आणि दहा ठिकाणी ठोकून बघा. तीन फूट जात नसेल तर भाव पाडून मागा.

कलम_काजू
वरच्याला जोड. हापूस १० × १० मीटरवर, म्हणजे एकरी ४० कलमं. खड्डा १ × १ × १ मीटर, एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्यायचा. मग चांगली माती, चार-पाच घमेली शेणखत आणि दोन-तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरायचा. पावसाच्या सुरुवातीला लावायचं, पण कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याखालून आलेला फुटवा वेळीच काढला नाही तर कलम दबतं आणि पाच वर्षांनी रायवळ हाती येतो. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतंच, तेवढी सोय नसेल तर लावू नका. हाताला पैसा सहाव्या-सातव्या वर्षापासून.

काजू लवकर धरतो, तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ७ × ७ मीटरवर एकरी ८० झाडं, वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७. नव्या पालवीवर आणि मोहोरावर ढेकण्या (रस शोषणारा किडा) येतो, ढगाळ हवेत तर हमखास. एक फवारणी चुकली तर मोहोर करपतो. बी गळून पडल्यावर गोळा करायची, झाडावरून कच्ची ओढायची नाही, आणि उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची. ओली भरली की गर काळा पडतो.

माझ्या मते पायथ्याची जागा काजूला ठेवा. समुद्रापासून दूर, थंडी आणि धुकं जास्त, तिथे हापूस उशिरा येतो आणि चढा दर निघून गेलेला असतो. डुक्कर-माकडांसाठी कुंपणाचा खर्च मात्र धरा.

पाटण_खोरं
वलाटीत पाणी कमी आहे असं सरसकट समजू नका. कोयनेचं ६७.५ टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी वीज करून पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडतात, म्हणून चिपळूणची नदी उन्हाळ्यातही वाहती असते. संगमेश्वरच्या नद्यांना तसा आधार नाही. मे महिन्यात जाऊन ओढा बघा. पावसाळ्यात बघितलेली जमीन सगळीच हिरवी दिसते. ऑक्टोबरनंतर वाहत्या ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घालता आला तर भातानंतर कुळीथ, पावटा निघतो.

भाजीपाल्याचा बेत असेल तर एवढं ध्यानात घ्या की कोकणातल्या बाजारात भाजी घाटावरूनच उतरते. कराडची गाडी कुंभार्ली उतरून येते, तिच्याशी दरात टिकणं अवघड.

वाळवा_रान
खाडीची जागा सोडली. सातबाऱ्यावर काय बघायचं?

जांभा_कातळ
दादा, आधी इतर हक्कात कुळाची नोंद आणि सहहिस्सेदार किती ते. मुंबईत राहणाऱ्या एकाही हिस्सेदाराची सही राहिली तरी व्यवहार अडकतो. पायथ्याच्या जागेला 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर हात लावू नका. 'वरकस' (हलकी डोंगरउताराची जमीन) आणि 'पोटखराब' (लागवडीला न येणारं) क्षेत्र वेगळं मोजून घ्या. पाच एकरांत दोन एकर कातळ निघाला तर कलमं दोनशे नाही, एकशेवीसच बसतील. मोजणी सरकारी, आणि ती बयाणा देण्याआधी.