स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना: किती दिवस, कुठे अडतं, काय विचारायचं

कॅन्सरमुळे स्तन काढायच्या ऑपरेशनची तारीख देतानाच ओपीडीत विचारलं जातं, ‘रिकन्स्ट्रक्शन करायचंय का?’ बाई मान हलवते आणि खरे प्रश्न लोकलमध्ये बसल्यावर सुचतात. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी इथे लिहा. धीर द्यायला घरचे आहेत. इथे दिवस, मापं, अडचणी हव्यात. आणि पुनर्रचना न करणं हाही पूर्ण, शहाणा निर्णय आहे, हे धरूनच लिहा.

प्लास्टिक सर्जरी युनिट

पहिला प्रश्न इम्प्लांट (आत बसवायचा सिलिकॉनचा स्तन) की पोटाचं मांस, हा नाहीच. पहिला प्रश्न: रेडिएशन लागणार का? सिलिकॉनभोवती शरीर एक पातळ पडदा तयार करतंच. रेडिएशननंतर तो जाड होऊन आवळण्याची शक्यता बरीच वाढते; मग स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो. म्हणून रेडिएशन नक्की असेल तर बरेच सर्जन स्वतःच्या मांसाचा पर्याय सुचवतात किंवा ते संपल्यावर सहा महिने ते वर्षभर थांबतात. थांबलं म्हणजे संधी गेली असं नाही. काही वर्षांनीही करता येतं.

एक्स्पांडर ही छातीत ठेवायची फुगवता येणारी पिशवी. जखम भरली की दोन-तीन आठवड्यांनी तिच्या पोर्टमध्ये (भरायच्या तोंडात) सुईने सलाइन भरायला सुरुवात होते. एका वेळी साधारण ५० ते १०० मिली, दर एक-दोन आठवड्यांनी. त्यानंतर दोन दिवस छातीवर पट्टा आवळल्यासारखं वाटतं. बऱ्याच एक्स्पांडरच्या पोर्टमध्ये लोहचुंबक असतो, त्यामुळे एमआरआयला जाण्याआधी सांगायलाच हवं. पुढे दुसरं ऑपरेशन करून ‘कायमचा’ इम्प्लांट. हा शब्द सैल आहे, कारण तो जन्मभर टिकेलच असं कोणी सांगू शकत नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा एका दुर्मिळ लिम्फोमाशी (एक प्रकारचा कॅन्सर) संबंध दिसल्यावर २०१९ मध्ये ॲलरगनने आपले तसे इम्प्लांट जगभरातून मागे घेतले. म्हणून कंपनी, प्रकार आणि नंबर असलेलं स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत लावलंय ना, ते घरी जाण्याआधी बघा.

परळची सिस्टर

पोटाचा डीप फ्लॅप म्हणजे बेंबीखालची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलायची आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडायची. सहा-आठ तास, कधी जास्तच. पहिला दीड-दोन दिवस आम्ही तासातासाला चार गोष्टी बघतो: रंग, ऊब, बोटाने दाबून सोडल्यावर रंग किती सेकंदांत परततो (दोन-तीन ठीक) आणि डॉप्लरचा, म्हणजे रक्त वाहतंय का ते ऐकवणाऱ्या यंत्राचा आवाज. जांभळा पडला आणि रंग झटकन परत आला तर शीर तुंबलीय. पांढरा, गार पडला तर रक्त पोचतच नाहीये. दोन्हींत ताबडतोब पुन्हा थिएटर. हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोनला सही मागितली की सगळ्यांची गाळण उडते.

पोट एकदाच वापरता येतं. सिझेरियन झालंय म्हणून आपणच नाही ठरवू नका. सीटी अँजिओ या स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या दिसतात.

आता मशेरी. फॉर्मवर ‘धूम्रपान: नाही’ लिहिलेलं असतं आणि बाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असते. निकोटीन कुठूनही गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडीच्या कडा काळ्या पडतात, टाके उसवतात. आधी किमान चार आठवडे बंद, नंतरही तेवढेच. सासूबाईंसमोर बोलता येत नसेल तर त्यांना चहाला पाठवा, पण सर्जनना सांगा.

ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी डब्यात ओढणारी नळी: रोज ठरलेल्या वेळी मोजायचं, प्रत्येक डब्याचा आकडा वेगळा. एका हाताने नळी कातडीजवळ घट्ट धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीने डब्याकडे दाबत न्यायची. वरचा हात सुटला की नळी ओढली जाते. ओतून झालं की डबा दाबूनच बूच लावायचं. फुगलेला डबा काहीही ओढत नाही. २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की काढतात. एकदम लाल-दाट येऊ लागलं, वास आला किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

समाजसेवा विभाग

बाहेरगावच्यांनी ड्रेन निघेपर्यंत शक्यतो मुंबईतच राहावं. टाटाच्या पेशंटना नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हे माहितीतले आसरे. पण ॲडमिशनच्या दिवशी नाही, तारीख मिळाल्याबरोबर विचारा.

विम्यात ‘प्लास्टिक सर्जरी’ शब्द बघून नकार येतो. प्रत्यक्षात पॉलिसीतल्या एक्स्क्लुजन ०८ च्या (प्लास्टिक सर्जरीचा खर्च न देण्याचं कलम) प्रमाणित मजकुरातच कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्या बंदीतून वगळलेली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेस्ट करेक्शन’ नको, ‘कॅन्सरच्या मास्टेक्टॉमीनंतरची (स्तन काढल्यानंतरची) पुनर्रचना’ असं हवं. दुसरी बाजू जुळवून घ्यायचं ऑपरेशन हा वादाचा मुद्दा, त्याची मंजुरी आधी लेखी घ्या. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असाल तर पॅकेजमध्ये नेमकं काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या योजनेच्या आरोग्यमित्राला ऑपरेशनपूर्वी विचारा.

फिजिओ

पोटाच्या फ्लॅपनंतर पहिला आठवडाभर कमरेत वाकूनच चालायचं, झोपताना गुडघ्यांखाली उशी. ताठ व्हायची घाई केली की पोटाचे टाके ताणतात. सर्जन वेगळं सांगत नसतील तर ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या वर नाही, नंतर भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज. सहा आठवडे भरलेली बादली, पाच लिटरचा कुकर, कडेवर नातू काही नाही. लोकलमधली वरची कडी धरून उभं राहणं आणि दारातला रेटा तर त्याहून उशिरा.

बालकमंदिरातल्या बाई

नव्या स्तनाला स्पर्श कळतो का?

परळची सिस्टर

ताई, बहुतेकींना फारसा नाही. थोडा परत येतो, तोही महिन्यांनी. दुखतं म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि कातडी भाजून फोड आले तरी कळत नाही. शेक नाहीच. निप्पल नंतर, साधारण तीन महिन्यांनी बनवतात. तो हळूहळू बराच खाली बसतो, म्हणून मुद्दाम मोठा करतात. नुसता टॅटूही चालतो.

ब्रा-प्रोस्थेसिस (ब्रात घालायचा कृत्रिम स्तन) बसवून देणारी

ज्यांना ऑपरेशन नकोय त्यांच्यासाठी: जखम पूर्ण भरेपर्यंत हलका सुती पॅड, मग सिलिकॉनचा. नुसता आकार नाही, वजनही दुसऱ्या बाजूशी जुळवा, नाहीतर ब्रा वर सरकते आणि खांदा वाकडा होतो. खिसा असलेलीच ब्रा घ्या. मेच्या घामात रोज सौम्य साबणाने धुवून पुसायचा. आणि पदराची पिन ब्लाउजला खांद्यावर लावा, छातीवर नाही. पिन टोचली की सिलिकॉन पाझरतो आणि दुकानात बदलून मिळत नाही.