पाहुण्या संघाचे प्रेक्षक

वर कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत पाहुण्या संघाचे लोक कोपऱ्यात गुपचूप बसतात. बहुतेक ठिकाणी बसत असतीलही, पण कॉर्नेल विद्यापीठवाल्यांना हे लागू नाही. हार्वर्डच्या रिंकमध्ये (बर्फाच्या मैदानात) ते इतक्या संख्येनं येतात की कॉर्नेलची पोरं त्या जागेला 'लायना ईस्ट' म्हणतात. लायना हे इथाकामधल्या, म्हणजे कॉर्नेलच्या गावातल्या, त्यांच्या स्वतःच्या रिंकचं नाव. म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन दारावर आपली पाटी!

मावसभाऊ कॉर्नेलला शिकत होता तेव्हा त्याच्याबरोबर मी एकदा मॅचला गेलो होतो. राष्ट्रगीत चालू होतं, मी आपला शहाण्यासारखा उभा. 'रॉकेट्स रेड ग्लेअर' ही ओळ आली आणि आजूबाजूचे सगळे एकदम 'रेड!' म्हणून ओरडले. लाल हा त्यांचा रंग. मी दचकलो ते दचकलोच, भावाच्या हातातली कॉफीही माझ्या बाह्यांवर आली. मग समोरच्या संघातल्या खेळाडूंची नावं पुकारायला लागल्यावर यांनी वर्तमानपत्रं उघडली, जणू ऐकण्यासारखं काही नाहीच.

हार्वर्डविरुद्धच्या मॅचला कॉर्नेलवाले बर्फावर मासे फेकतात, ती गोष्ट मात्र इथाकातली. 1970 च्या दशकात हार्वर्डवाल्यांनी कॉर्नेलच्या शेतकी कॉलेजला चिडवायला बर्फावर कोंबडी टाकली, त्याचं हे उत्तर. हल्ली मासे फेकले तर पेनल्टी यजमान संघालाच बसू शकते, तरी पोरं ते जॅकेटमधून आत नेतातच. वास कसा लपवतात, देव जाणे.