मदत हवी आहे: नववीला नेटवर शोध घ्यायला लावला, सगळ्यांनी एकच परिच्छेद आणला

माणदेशी_मास्तर
नमस्कार मंडळी. माण तालुक्यात हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवतो. यंदा नववीला म्हटलं, धडा वाचून दाखवत नाही, नेटवर तुम्हीच शोधा. विषय मुद्दाम घरचा घेतला, बहात्तरचा दुष्काळ. प्रश्न दिला: '१९७२ च्या दुष्काळाची कारणे व परिणाम शोधा.' मुदत आठ दिवस.

३८ वह्या आल्या. ३१ वह्यांत तोच परिच्छेद, स्वल्पविरामासकट. एका पठ्ठ्याने भेगाळलेल्या जमिनीचा रंगीत फोटो चिकटवलाय, खाली 'आपला तालुका, १९७२'. मागे उंट उभा. (आमच्याकडे मेंढरं म्हणाल तेवढी, उंट कुठला?) दुसऱ्याने इंग्रजी मजकूर मशीनकडून मराठीत करून आणला, त्यात पाझर तलावाची 'झिरपण्याची टाकी' झालीय.

एका मुलीच्या वहीत मात्र शेवटी पेन्सिलीने दोन ओळी होत्या. 'आजी म्हणती मिलोची भाकरी लाल व्हायची, घशाखाली उतरायची नाही. शाळेमागचं तळं आजीनं केलंय.' (मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी.) विचारलं, हे पेन्सिलीनं का गं? म्हणाली, "नेटवर नव्हतं सर, म्हणून."

तेव्हापासून डोक्यात भुंगा. उतरवून काढता येणार नाही असा प्रश्न घालायचा कसा? मराठीत भरवशाचं काय मिळेल? आणि गुण कशाला द्यायचे? घरात मोबाईल एकच, तोही वडील रानातून आल्यावर हातात येतो. शाळेत संगणक चार, चालू दोन.

चिंचेखालची
सर, रागावू नका, पण पोरांचं काही चुकलं नाही. 'कारणे व परिणाम' हा बोर्डाचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर तयारच असतं, मुलं ते उचलणारच.

वेबक्वेस्ट नावाची एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात बर्नी डॉज यांनी १९९५ मध्ये टॉम मार्च यांच्यासोबत मांडली. जुनी आहे, पण तिचा मुद्दा तुमच्या दोन संगणकांना अगदी लागू पडतो: मुलांना नेटवर मोकळं सोडायचं नाही. चार-पाच दुवे मास्तरांनीच निवडून द्यायचे आणि वेळ शोधण्यात नाही, मिळालेल्यावर डोकं चालवण्यात घालवायचा. गटात प्रत्येकाला वेगळं काम. पानं छापून दिलीत तरी चालतं.

प्रश्न तर त्या पोरीनेच दिलाय तुम्हाला. शाळेमागचं तळं कुणी बांधलं, आणि पैसे कुणी दिले?

कोरडवाहू
ताईंना अनुमोदन. साहित्याचं सांगतो. मराठी विश्वकोश आणि जिल्ह्याचं गॅझेटिअर (सरकारी माहितीग्रंथ) नेटवर आहे. १९७१ आणि १९८१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकाही मिळतात, त्यात गावनिहाय लोकसंख्या असते. इंग्रजीत आहेत, पण आकडे वाचायला इंग्रजी कशाला? पोरांना आपल्या गावाची ओळ शोधून तुलना करू दे.

रोजगार हमीचा धागाही पकडा. कल्पना तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, आधी तासगाव भागात करून पाहिलेली. बहात्तरला राज्यभर कामं निघाली. मे १९७३ च्या सुमारास ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. देशाचा कायदा आला तो २००५ मध्ये.

आणि सर, स्वतःचं पगारपत्रक काढा. व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. तो कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच बसवला होता. स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल.

बाकावरचा_शेवटचा
त्या उंटवाल्याला माझ्याकडून पाच गुण द्या. किमान फोटो तरी स्वतः शोधला. 😄

चिंचेखालची
हसण्यावारी नेऊ नका, उंटावरच एक तास होतो. हा फोटो कुणी काढला, कुठे, कधी, आधी कुठल्या पानावर होता? चित्र टाकून उलटा शोध घ्यायला दहा मिनिटं लागतात. फक्त त्या मुलाचं नाव वर्गात घेऊ नका.

गुणांचं म्हणाल तर मी उत्तराला निम्मेच देते. उरलेले 'हे मला कुठून कळलं आणि मी त्यावर विश्वास का ठेवला' या रकान्याला. आजीचं बोलणंही त्याच रकान्यात, पेनाने. आजीही चुकू शकते, म्हणून दुसऱ्या एखाद्या आजीला विचारून ताडून बघायचं.

माणदेशी_मास्तर
मंडळी, उशिरा लिहितोय. शनिवारी करून पाहिलं. पाच गट, छापील पानं, दोन संगणक पाळीपाळीने. एक गट तीन म्हाताऱ्यांना भेटून आला. दोघींनी तळं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात झालं म्हणून सांगितलं, तिसरी बहात्तरवर ठाम. मुकादम मस्टरवर हजेरी कशी मांडायचा, ते मात्र तिघींनी एकसारखं सांगितलं.

मग ऐटीत माझं पगारपत्रक फळ्याला लावलं. म्हटलं, बघा, रोजगार हमीचा पैसा असा येतो. मागच्या बाकावरून एक जण उठला, तोच उंटवाला. म्हणाला, "सर, कर पंच्याहत्तरचा. तळं त्र्याहत्तरचं. मग तळ्याचं पैसं कुठनं आलं?"

घंटा झाली म्हणून वाचलो. कोरडवाहू दादा, १९७२-७३ च्या टंचाईच्या कामांचा खर्च कुठल्या कागदात बघायला मिळेल? सोमवारी पहिलाच तास नववीचा आहे.